शालनकाकूंचा पहिला नंबर

"सर, त्या पहिल्या नंबरावरनं माझं नाव काढा."

शालनकाकू समाजमंदिराच्या दारात उभ्या होत्या. शुक्रवारची दुपार होती. वर्ग भरायला अजून अर्धा तास होता आणि मी सतरंज्या अंथरत होतो. काकूंच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्यांनी ते माझ्यापुढं धरलं तेव्हा कळलं, चारच दिवसांपूर्वी मी त्यांना दिलेलं प्रशस्तिपत्र होतं ते. आटपाडीहून रंगीत छापून, लॅमिनेशन करून आणलेलं.

"का हो काकू? नावात काही चूक झाली का?"

"नाव बरूबर हाय."

"मग?"

"मग काय? काढा म्हणते न्हवं."

मला वाटलं, लाजतायत. बेचाळीस वर्षांची बाई, अंगणवाडीत मदतनीस, सातवीत शाळा सुटलेली. पहिल्यांदाच कुणीतरी चारचौघांत टाळ्या वाजवून कौतुक केलं, तर अवघडल्यासारखं होणारच. मी हसून म्हटलं, "काकू, उद्या ओगले मॅडम येणार आहेत सांगलीहून. तुमचाच व्हिडिओ करायला. आणि तुम्ही आज नाव काढा म्हणताय?"

काकू चप्पल काढून आत आल्या आणि सतरंजीच्या कडेला बसल्या.

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. बी.एस्सी., बी.एड. झालेलं, शिक्षक भरतीची वाट बघणं चाललेलं. सांगलीच्या एका संस्थेनं आमच्या तालुक्यात शाळा सुटलेल्या बायकांसाठी दहावीचे वर्ग काढले होते. बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरायचा, वर्षभर शिकायचं आणि मार्चमध्ये बोर्डाच्या परीक्षेला बसायचं. तीन गावांत वर्ग सुरू झाले, त्यातले दोन दिवाळीआधीच बंद पडले. माझाच तेवढा तग धरून होता. अकरा बायका होत्या. कुणी डाळिंबाच्या शेडवर प्रतवारी करणारी, कुणी शेळ्या राखणारी. रुक्साना मुल्ला शिवणकाम करायची, ती सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत चटपटीत. दुपारी दोन ते चार वर्ग. त्या दोन तासांत निम्म्या जणींना झोप यायची आणि उरलेल्यांना घरची आठवण.

त्यांना जागं ठेवायला मी काय काय केलं! फोनवर वर्गाचा ग्रुप काढला. रोज सकाळी नऊच्या ठोक्याला सुविचार टाकायचो. साधा नाही, मागं चित्र घालून. उगवता सूर्य, डोंगराचं टोक, पंख पसरलेला गरुड. 'स्वप्न मोठं ठेवा, पावलं आपोआप मोठी पडतील.' 'आज वही भरा, उद्या आयुष्य भरेल.' सगळे सुविचार मी स्वतः जुळवायचो, आणि खरं सांगतो, मला त्यांचा अभिमान होता. खाली हात जोडल्याची चित्रं पटापट यायची. किती जणींनी हात जोडले, हे मी मोजायचो.

"सर, परवा सिंह झाला, काल गरुड झाला," रुक्साना एकदा म्हणाली होती. "उद्या एखादी म्हैस टाका. आमच्या ओळखीची तरी असंल."

सगळ्या खदाखदा हसल्या. मीही हसलो, पण दुसऱ्या दिवशी वाघ टाकला.

दिवाळीनंतर मी प्रश्नमंजुषेचं एक अ‍ॅप शोधून काढलं. रोज दहा प्रश्न, फोनवरच उत्तरं दाबायची. कोण पुढं, कोण मागं, याची यादी आपोआप तयार व्हायची, आणि पहिल्या नावाच्या डोक्यावर मुकुट यायचा. त्या मुकुटानं वर्गाला वेड लावलं. बायका शेडवर डाळिंबं निवडता निवडता एकमेकींना विचारू लागल्या, "तुझं किती आलं गं?" आधी महिनाभर रुक्सानाच पुढं होती. मग डिसेंबरात अचानक शालन तानाजी मोटे हे नाव वर चढलं. दहापैकी दहा. रोज. 

मी हरखून गेलो. वर्गात काकू फारशा बोलायच्या नाहीत. फळ्यावर गणित द्यावं तर "दुसरीला सांगा" म्हणायच्या. पण मला वाटलं, काही माणसं एकट्यानंच फुलतात. महिन्याच्या अहवालात मी काकूंवर अख्खं पान लिहिलं. वर सुविचार, खाली यादीचा फोटो. सांगलीहून लगेच फोन आला. ओगले मॅडम, म्हणजे आमच्या संस्थेच्या प्रमुख, स्वतः येणार होत्या. काकूंचा व्हिडिओ करून तो देणगीदारांना दाखवायचा होता. पुढच्या वर्षी वर्ग चालू ठेवायचा की नाही, हेही त्यावरच ठरणार होतं. माझी नेमणूकही त्याच्यावरच.

आणि आता काकू नाव काढा म्हणत होत्या.

"सर," सतरंजीचा दोरा ओढत त्या म्हणाल्या, "ते मार्क माझं न्हाईत."

"म्हणजे?"

"माझ्या सुनंचं हायत. प्रतीक्षाचं. फोन तिचा हाय न्हवं. माझ्याकडं बटणाचा फोन. पहिल्यांदा ती मला प्रश्न वाचून दावायची आन् मी उत्तर सांगायची. चार यायची, कधी पाच. मग अंगणवाडीची पाहणी आली, मला घरला यायला उशीर व्हायला लागला. तर माझं रिकामं जाऊ नये म्हणून ती आपलीच सोडवत बसली. मला काय ठावं पहिला नंबर आन् मुकुट? तुम्ही टाळ्या वाजवल्या तवा कळलं."

मी खाली बसलो. बाहेर कुणाची तरी शेळी ओरडत होती.

त्या क्षणी माझ्या मनात काय आलं ते लपवत नाही. 'बिचाऱ्या काकू' असं नाही आलं. मनात आलं, उद्या सकाळी अकराला मॅडम येतायत.

"आणखी कुणाला सांगितलंत?"

"न्हाई."

"मग सांगू नका. काकू, ऐका माझं. सुरुवातीची उत्तरं तुमचीच होती ना? तुम्ही शिकताय हे काही खोटं नाही. उद्या एवढं कॅमेऱ्यापुढं बोला. नंतर आपण यादी नीट करू."

मी वहीचा कागद फाडला आणि त्यावर मोठ्या अक्षरांत एक वाक्य लिहून त्यांना दिलं. 'जिद्द असेल तर वयाची परवानगी लागत नाही.'

काकूंनी ते एकेक अक्षर लावत वाचलं.

"हे कुणी म्हणलंय?"

"मीच लिहिलंय."

"मग तुम्हीच म्हणा की."

"काकू, वर्ग बंद पडेल," मी म्हणालो. माझा आवाज मलाच नकोसा वाटला. "सगळ्यांचं नुकसान होईल."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग कागदाची घडी घालून ती पिशवीत टाकली. "बरं," एवढंच म्हणाल्या. तेवढ्यात बायका यायला लागल्या आणि मी फळा पुसायला उठलो.

दुसऱ्या दिवशी मॅडम वेळेआधीच आल्या. पन्नाशीच्या, सुती साडीतल्या, कमी बोलणाऱ्या. बरोबर कॅमेरावाला. अकराच्या अकरा बायका ठेवणीतली लुगडी-साड्या नेसून हजर होत्या. रुक्सानानं फळ्यावर रंगीत खडूनं 'स्वागत' लिहिलं होतं. शालनकाकू अंगणवाडीतून तासाभराची सवड काढून आल्या होत्या. त्यांच्या मागं दारात एक मुलगी पाण्याचा तांब्या आणि पेले घेऊन उभी राहिली. विशीची, काटकुळी, डोक्यावर पदर. ही प्रतीक्षा, हे मी ओळखलं. पाणी द्यायला म्हणून काकूंनीच तिला आणलं होतं.

कॅमेरावाल्यानं काकूंना खिडकीजवळ बसवलं. उजेड चेहऱ्यावर येईल असं वळायला सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "ताई, मोकळेपणानं बोला. इथं कशी आलात, कसं वाटतं, जे मनात असेल ते."

काकूंनी पदर सारखा केला.

"मी शालन तानाजी मोटे. अंगणवाडीला मदतनीस हाय, चौदा वर्सं झाली. दहावी झाली तर सेविका होता येतंय म्हणून हितं आले." मग त्या थांबल्या. मी त्यांच्या नजरेला येईन असा उभा होतो. त्यांनी मला बघितलं आणि नजर काढून घेतली. "मॅडम, तुम्ही ज्या मार्कासाठी आलाय, ते माझं न्हाईत. ती दारात उभी हाय न्हवं, तिचं हायत. माझी सून हाय ती."

"आत्या!" प्रतीक्षा ओरडली. सासूला ती आत्या म्हणायची.

"गप. बोलू दे मला." काकू कॅमेऱ्याकडं नाही, मॅडमकडं बघून बोलत होत्या. "बारावीला ब्याऐंशी टक्के हायत तिला. सायन्सला. आम्ही लगीन करून आणली आन् शाळा बंद केली. माझा ल्योक सेलमला गलाईच्या दुकानात हाय, सोनं गाळायचं काम. वरसाकाठी दोनदा येतोय. ही माझ्याजवळ. काम करती, उलट बोलत न्हाई, मला वाटलं सुखात हाय. ह्या सोमवारी बक्षीस घिऊन घरला गेले, तर ही चुलीपुढं. भाकरी तव्यावर टाकायची आन् फोनवर एक उत्तर दाबायची. दुसरी थापायची, दुसरं दाबायची. मी दारातनंच बघितलं. मॅडम, वरीस झालं लग्नाला, त्या पोरीचं असलं फुललेलं तोंड मी कधी बघितलं न्हवतं."

काकूंनी एकदा दारात उभ्या प्रतीक्षाकडं बघितलं.

"मला वाटायचं, आमच्या घरात शाळंवाचून ऱ्हायलेली मी एकटीच. आता कळलं. मला सातवीतनं काढली ते माझ्या बापानं. हिला मी काढली." त्यांनी पिशवीत हात घातला आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं प्रशस्तिपत्र मॅडमच्या पुढ्यात ठेवलं. "ह्याच्यावर हिचं नाव घाला. आन् बक्षीसच द्यायचं असलं तर हिला पुढं शिकवायची काय वाट असंल ती सांगा. मी दहावीला बसणारच हाय. माझ्या जिवावर बसंन."

मॅडमनी कॅमेरावाल्याला खूण केली. त्यानं कॅमेरा बंद केला. मग त्या माझ्याकडं वळल्या.

"लेंगरे सर, तुम्हाला हे माहीत होतं?"

"सरांना कुठलं ठावं?" मी तोंड उघडायच्या आत काकूच बोलल्या. "मी आज पहिल्यांदाच सांगितलं. ते तर बिचारं..."

काकू माझ्यासाठी खोटं बोलत होत्या. काल मी त्यांना खोटं बोलायला सांगितलं तेव्हा त्यांनी 'बरं' म्हटलं होतं, आणि आज खरंच खोटं बोलल्या, पण माझ्या नेमणुकीसाठी. मी मान हलवली असती तर सगळं निभावून गेलं असतं. माझे कान तापले.

"माहीत होतं, मॅडम," मी म्हणालो. "काल त्यांनी मला सांगितलं. गप्प बसा म्हणून मीच म्हणालो. बोलायचं वाक्यही मीच लिहून दिलं."

अकरा बायका माझ्याकडं बघत होत्या. रुक्सानाच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. मॅडमनी पाण्यासाठी हात पुढं केला, तेव्हा प्रतीक्षा भानावर आली आणि तिनं पेला भरून दिला. निम्मं पाणी सतरंजीवर सांडलं. मॅडम उरलेलं पाणी सावकाश प्यायल्या.

"गणितात किती होते गं?" त्यांनी विचारलं.

"अठ्ठ्याण्णव."

"अगं बया!" मागून कुणीतरी म्हणालं.

"मग या मुकुटात नवल ते काय," रुक्साना फणकारली. "मी महिनाभर जागून अभ्यास करत होते हिला गाठायला!" आणि मग तिला स्वतःलाच हसू फुटलं. ते हसू एकीकडून दुसरीकडं गेलं आणि बघता बघता सगळा वर्ग हसू लागला. प्रतीक्षा पदरात तोंड लपवून हसत होती की रडत होती, ते कळत नव्हतं.

जाताना मॅडमनी मला बाजूला घेतलं. मी मनाची तयारी करून ठेवली होती.

"अहवाल पुन्हा लिहा. जसं आहे तसं. कुणाला किती येतं, कुणाला येत नाही. सोमवारपर्यंत पाठवा."

"हो, मॅडम."

"आणि ते सुविचार कोण करतं?"

"मीच."

"बरे असतात," त्या म्हणाल्या. "अहवालात मात्र घालू नका."

अहवाल मी लिहिला. अकरांपैकी चार जणींना भागाकार येत नाही, हे लिहिताना लाज वाटली. त्यात शालनकाकूही होत्या. पण संस्थेनं वर्ग बंद केला नाही. उलट प्रतीक्षाला आठवड्यातून तीन दिवस गणित शिकवायला ठेवलं. अ‍ॅपवरचा मुकुट मी काढून टाकला. आता प्रतीक्षा बायकांना एकेक उदाहरण स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून ग्रुपवर पाठवायची. मागं तव्याचा, भांड्यांचा, कधी त्यांच्या पिंकी नावाच्या शेळीचा आवाज. बायका शेडवर डाळिंबं निवडता निवडता ऐकायच्या, आणि ज्यांना वाचायला वेळ लागायचा त्यांचंही त्यात अडायचं नाही. मी समजावलेलं ज्यांना तीन महिने कळलं नव्हतं, ते तिनं सांगितलेलं आठवड्यात कळू लागलं. वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

सुविचार मात्र मी बंदच केले होते. काय तोंडानं टाकणार? आठ-दहा दिवस गेले. एके दुपारी रुक्सानानं वर्गात हात वर केला.

"सर, सकाळचा तुमचा तो वाघ-सिंह का बंद झाला?"

"उगीच कशाला? तुम्हाला कंटाळा यायचा."

"आला तर आला. तो आला की नऊ वाजलेलं कळायचं. माझा माणूस त्याच्यावर घड्याळ लावायचा."

"टाका की," शालनकाकू वहीतून डोकं न काढता म्हणाल्या. "मला वाचायला येतंय आता ते. पयलं प्रतीक्षाच्या फोनात नुसतं चित्र बघायची."

दुसऱ्या दिवशी नऊला मी पुन्हा सुविचार टाकला. मागं चित्र म्हशीचं घातलं.

घरात काय झालं ते प्रतीक्षाकडून पुढं कळलं. काकूंनी तिलाच विकासला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, सेलमला फोन लावायला लावला. तो म्हणाला, रोज एस.टी.नं कॉलेजला जाणार, लोक काय म्हणतील? काकू म्हणाल्या, "लोकांचं मी बघते, तू तुझ्या बायकोला काय वाटतंय ते इचार. इचारलंयस का कधी?" तो मग म्हणाला, "तिला फोन दे." काकू बाहेर अंगणात जाऊन बसल्या. अर्धा तास दोघं बोलत होती. लग्नानंतरचं सगळ्यांत लांब बोलणं होतं ते, असं प्रतीक्षा म्हणाली, आणि लगेच विषय बदलला.

मार्चमध्ये परीक्षा झाली. जूनमध्ये निकाल लागला. सात जणी पास झाल्या, रुक्सानाला चौऱ्याहत्तर टक्के. शालनकाकू पाच विषयांत सुटल्या आणि गणितात एकोणतीसवर अडकल्या. मी सांत्वन करायला गेलो तर त्या मटकी निवडत बसल्या होत्या. म्हणाल्या, "सहाच कमी पडलं. जुलैला परत हाय न्हवं?" जुलैला बसल्या, एक्केचाळीस मिळाले. दोन वर्षांनी त्या त्याच अंगणवाडीत सेविका झाल्या. आज सात वर्षं झाली त्या सगळ्याला. मी आता जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. भरतीची जाहिरात निघाली तेव्हा ती मला आधी प्रतीक्षानंच पाठवली होती.

पण माझ्या डोळ्यांपुढं येतो तो जूनच्या निकालानंतरच्या आठवड्यातला एक दिवस. प्रतीक्षाच्या बी.एस्सी.च्या प्रवेशाचा. अर्ज ऑनलाइन भरायचा होता. म्हणून आटपाडीत एका संगणकाच्या दुकानात आम्ही तिघं बसलो होतो. प्रतीक्षा मधल्या खुर्चीवर, मी उभा, आणि काकू तिच्या शेजारी, मांडीवर कागदांची पिशवी. गॅप सर्टिफिकेट, बारावीचं गुणपत्रक, लग्नाची नोंद, सगळं त्यांनी क्रमानं लावून आणलं होतं. मागितलं की कागद हजर.

एका रकान्यापाशी प्रतीक्षा थांबली. पालकाचं नाव तिनं भरलं होतं, शालन तानाजी मोटे. खाली 'विद्यार्थ्याशी नातं' होतं. दाबलं की पर्याय उघडायचे. वडील, आई, पती, भाऊ, इतर.

"काय झालं?" काकूंनी विचारलं.

"आत्या, यात सासू नाहीये."

"नीट बघ."

"नाहीये."

"आई टाकूया का?" मी म्हणालो. "कोण बघतंय?"

"का? तिची आई हाय की जित्ती," काकू म्हणाल्या. "आन् मी कशाला लपू? मी तिची सासू हाय. सासू तिला शाळंत घालतीया. कळू द्या की लोकांना."

प्रतीक्षानं 'इतर' दाबलं. खाली एक कोरी चौकट उघडली, 'कृपया नमूद करा'.

ती टाइप करायला गेली, पण काकूंनी तिचा हात बाजूला सारला. "सरक." चष्मा नाकावर नीट बसवला आणि उजव्या हाताचं एक बोट पुढं करून त्या कळफलकावर स शोधू लागल्या. मी सांगायला वाकलो, तर प्रतीक्षानं मला डोळ्यांनीच थांबवलं. दुकानातली बाकीची गिऱ्हाइकं खोळंबली होती. काकूंना घाई नव्हती. स सापडला. काना सापडला. पुन्हा स. मग उकारापाशी त्यांचं बोट हवेत थांबलं, त्यांनी ओठांतल्या ओठांत शब्द लांबवून म्हणून बघितला आणि दीर्घ उकार दाबला.

चौकटीत 'सासू' उमटलं. काकूंनी ते एकदा वाचलं, मान हलवली आणि पिशवी उघडली.

"हं, पुढं काय लागतंय?"